खाजणातलं जंगल: मुंबईच्या खारफुटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चारकोपला राहते. खाडी घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे आणि गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी ओहोटीची वेळ बघून मी लोकांना तिथे घेऊन जाते, शाळेतली मुलं, सोसायटीतले काका-काकू, कॉलेजचे ग्रुप, कोणीही. प्रश्न साधारण तेच तेच येतात आणि चिखलात उभं राहून दरवेळी नीट सांगणं होत नाही, कोणाची चप्पल रुततेय तर कोणाला डास चावतायत, म्हणून सगळं एकदाच बसून लिहून काढलंय.

खारफुटी, कांदळवन, तिवर, मॅन्ग्रोव्ह हे सगळं एकच का?

बोलताना एकच समजतात, पण थोडा फरक आहे. भरतीचं खारं पाणी येतं त्या जमिनीवर वाढणाऱ्या सगळ्या झाडझाडोऱ्याला मिळून खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात, वनखात्याच्या विभागाचं नावही कांदळवन कक्षच आहे, तो २०१२ मध्ये सुरू झाला. कांदळ आणि तिवर ही मात्र एकेका झाडाची नावं आहेत. आपल्या कोळीवाड्यांत सरसकट सगळ्याला तिवरं म्हणतात कारण इथे तिवरच सगळ्यात जास्त. आणि ती जमीन म्हणजे खाजण.

अजून एक घोळ म्हणजे कोकणात गोड्या पाण्याच्या काठी वाढणाऱ्या समुद्रफळाच्या झाडालाही काही गावांत तिवर किंवा निवर म्हणतात, ते झाड पूर्ण वेगळं. त्यामुळे नावावरून वाद घालू नका, सरळ पान आणि मूळ बघा.

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की खारफुटी हे एक कुळ नाहीच. तिवर अडुळशाच्या आणि कोरांटीच्या कुळातलं, चिप्पी डाळिंब आणि मेंदीच्या कुळातली, गेवा एरंडाच्या कुळातला. म्हणजे एकमेकांशी फारसं नातं नसलेली झाडं, प्रत्येक जण आपापल्या वाटेने चिखलात राहायला शिकली आणि आता शेजारी म्हणून एकत्र राहतायत.

चिखलात, खाऱ्या पाण्यात झाड जगतं तरी कसं?

अडचणी दोन, हवा आणि मीठ. आधी हवेचं सांगते कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. घरी कुंडीत पाणी जास्त झालं की झाड सडतं ना, ते पाण्यामुळे सडत नाही, मातीतली हवा संपते आणि मुळं गुदमरतात म्हणून सडतं. खाजणातला चिखल बोटभर उकरला की खाली काळाकुट्ट निघतो, त्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. म्हणून तिवराची मुळं चिखलात आडवी पसरतात आणि त्यातून पेन्सिलीसारखे कोंब सरळ वर येतात, एकेका झाडाभोवती शेकडो. ही श्वासमुळं. पुढच्या वेळी जरा वाकून बघा, त्यांच्यावर बारीक बारीक ठिपके असतात, ओहोटीला ती उघडी पडली की त्या ठिपक्यांमधून हवा आत जाते आणि खाली मुळापर्यंत पोचते. चिप्पीची श्वासमुळं जाडजूड, उलटं गाजर रोवल्यासारखी. झुंबर नावाच्या झाडाची मुळं गुडघा दुमडून वर काढल्यासारखी दिसतात. कांदळाचं वेगळंच, त्याच्या खोडातून कमानीसारखी मुळं फुटून चिखलात उतरतात, झाड जणू पायांवर उभं आहे असं वाटतं.

आता मीठ. कांदळ मुळापाशीच बरंचसं मीठ गाळून बाहेर ठेवतं. तिवरही गाळतं पण तरी जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक ग्रंथींमधून परत बाहेर टाकतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी गेलात तर तिवराचं एक पान तोडू नका, नुसतं फांदीवरच उन्हात तिरकं धरा, वर मिठाचे कण चकाकताना दिसतील आणि बोट फिरवलं तर रवाळ लागतं. हेच पान जुलैत पाहिलं तर स्वच्छ, पावसाने धुतलेलं. पान खालून राखाडी-पांढरट असतं, तिवर ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे.

कुठलं झाड कुठे वाढतं ह्याला काही नियम आहे का?

आहे, आणि खारफुटी समजून घ्यायची तर हाच मुद्दा समजून घ्यावा असं मी सगळ्यांना सांगते. लांबून एकसारखी हिरवी भिंत दिसते पण आत पट्टे असतात, आणि ते पट्टे जमिनीच्या उंचीवर ठरतात, उंची म्हणजे कुठे कुठे वीतभराचा फरक. वीतभर खाली असेल तर दिवसातून दोनदा पाणी येणार, वीतभर वर असेल तर फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला येणार, आणि तेवढ्याने तिथली झाडं बदलतात.

पाण्याच्या अगदी तोंडाशी, जिथे चिखल अजून मऊ आणि नवा असतो तिथे तिवर आणि चिप्पी. ह्या दोघांची रोपं उघड्या चिखलात पटकन मुळं धरतात, गाळ अडवतात, तो गाळ साचून जमीन हळूहळू वर येते आणि मागच्यांसाठी जागा तयार होते. छोट्या नाळांच्या, म्हणजे खाडीतून आत शिरणाऱ्या पाण्याच्या वाटांच्या काठाने कांदळ, गोराई-मनोरीकडे बोटीतून जाताना हे छान दिसतं. थोडं मागे गेलं की काजळा, झुंबर, किरकिरी. काजळ्याला पांढरी वासाची फुलं येतात आणि फळं वाकड्या मिरचीसारखी, एकदा पाहिली की विसरत नाही. त्याच्याही मागे, जिथे रोज पाणी पोचत नाही तिथे मरांडी, तिची पानं काटेरी आणि फुलं निळी-जांभळी, उन्हाळ्याच्या तोंडाशी बहर आला की अख्खा पट्टा निळा होतो. तिथेच गेवा, वनजाईची जाळी, झाडांवर चढलेली करंजवेल, आणि खाकण म्हणजे तेच मिसवाकचं झाड.

मग अशी एक जागा येते की जिथे झाडच नाही. उधाणाचं पाणी येतं, साचतं, उन्हात आटतं आणि मीठ मागे राहतं, इतकं की जमिनीवर पांढरी खपली धरते. तिथे फक्त जमिनीलगतच्या, जाड रसदार पानांच्या वनस्पती तग धरतात, मोरस आणि धापा. मे महिन्यात त्या लालसर होतात. लोकांना ही जागा पडीक वाटते आणि डेब्रिजचे ट्रक पहिले इथेच रिकामे होतात, पण तो ह्या जंगलाचाच एक पट्टा आहे, उजाड नाही. आणि सगळ्यात वरती, खारं पाणी संपतं तिथे परास भेंडी, करंज, उंडी, म्हणजे आपल्या ओळखीची किनाऱ्याची झाडं.

हे पट्टे पुस्तकातल्या चित्रासारखे सरळ नसतात हं. एखादा जुना बांध, एखादी नाळ, कोणीतरी पूर्वी केलेली मिठागराची वाफी, ह्या सगळ्यांनी ते कापले जातात आणि मधेच भलतंच झाड दिसतं. पण तिथे थांबून विचार केला की इथे पाणी कसं येत असेल, तर उत्तर बहुतेक वेळा सापडतं.

मग मुंबईत जिकडे बघावं तिकडे तिवरच का?

कारण तिवर सोसतं खूप. आपल्याकडे पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. त्या चार महिन्यांत खाडीचं पाणी बरंच गोडं होतं आणि उरलेल्या आठ महिन्यांत डोंगरातून येणारं पाणी थांबतं, कारण आपल्या नद्या अगदीच छोट्या, मिठी विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमपर्यंत १८ किलोमीटरसुद्धा भरत नाही. त्यामुळे मे पर्यंत चिखल भयंकर खारट होतो. गोड-खारट असा एवढा मोठा झोका वर्षातून एकदा सहन करणं सगळ्या जातींना जमत नाही, तिवराला जमतं. शिवाय तोडलं तरी बुंध्यातून परत फुटतं, सांडपाणी सहन करतं. पूर्वी सरपणासाठी आणि लाकडासाठी तोड झाली त्यात कांदळासारखी झाडं जी परत फुटत नाहीत ती मागे पडली आणि तिवराने जागा घेतली.

म्हणून कुठे कांदळ, किरकिरी, झुंबर असं मिश्र रान दिसलं की मला फार बरं वाटतं, तिथे पाण्याची ये-जा अजून शाबूत आहे असं समजायला हरकत नाही.

राज्याचा कांदळवन वृक्ष कुठला?

पांढरी चिप्पी, म्हणजे सोनेरॅशिया अल्बा, २०२० मध्ये जाहीर झाली. फुलं रात्री उमलतात, पांढऱ्या केसरांचा झुबका असतो, वटवाघळं आणि मोठे पतंग त्यावर येतात. सकाळी गेलात तर खाली नुसता केसरांचा सडा. मुंबईत ही कमी, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जास्त. ठाणे खाडीच्या वरच्या टोकाला दिसते ती बहुतेक तिची बहीण, बिनपाकळ्यांची चिप्पी, तिच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात.

झाडाला त्या लांब हिरव्या शेंगा लटकतात त्या काय आहेत?

त्या शेंगा नाहीत, बाळं आहेत, खरंच. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याचा कोंब फळातून बाहेर येऊन वीत-दीड वीत, कधी त्याहून लांब वाढतो, आईला लटकूनच. तयार झाला की गळतो. ओहोटी असेल आणि चिखल मऊ असेल तर जागच्या जागी रोवला जातो, भरती असेल तर तरंगत जातो आणि कितीतरी दिवस पाण्यात जिवंत राहून दुसरीकडे कुठेतरी टेकतो. मोकळं बी चिखलात टाकलं तर पुढच्या भरतीला वाहून जाईल, म्हणून झाड आधी रोप करूनच सोडतं. तिवराचंही बी झाडावरच रुजतं पण सालीच्या आत, बाहेरून दिसत नाही. पावसाळ्यात खाली पडलेलं तिवराचं फळ उचलून साल सोललीत तर आत दोन जाड हिरवी पानं घडी घालून बसलेली दिसतील.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडं जळल्यासारखी का दिसतात? कोणी विष टाकलं का?

दरवर्षी ह्याचे फोटो फिरतात आणि लोक घाबरतात. बहुतेक वेळा ते अळ्यांचं काम असतं. सागाची पानं खाणारा जो पतंग आहे त्याच्याच अळ्या तिवरावर येतात, पावसाळा संपता संपता, आणि काही दिवसांत पानांच्या नुसत्या जाळ्या करून टाकतात. ऐरोली, विक्रोळी, ठाणे बाजूला हे खूप दिसतं. गंमत बघा, फक्त तिवर खाल्लं जातं, शेजारचं कांदळ हिरवंगार. दीड-दोन महिन्यांत परत पालवी येते, आणि मधल्या काळात पक्ष्यांची मेजवानी होते. फवारणी करायची अजिबात गरज नाही.

हां, पण सगळ्या जातींची झाडं एकदम वाळली, आणि तीही एकाच चौकोनात, कडा सरळ रेषेत, तर ते अळ्यांचं काम नाही. तिथे पाण्याचा रस्ता बघा.

पाण्याचा रस्ता म्हणजे? झाड न तोडता मरतं का?

मरतं. आणि तोडण्यापेक्षा हे जास्त घडतं असं माझं मत आहे. आमच्या बाजूलाच एका प्लॉटच्या कडेने रातोरात भरणी पडली, रस्ता केला म्हणे. झाड एकही तोडलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काही वाटलंच नाही, मलासुद्धा नाही. पण त्या भरणीखाली एक नाळ होती, जेमतेम दोन हात रुंद, आणि मागच्या सगळ्या तिवरांना भरती-ओहोटी त्या दोन हातांतून मिळत होती. नाळ बुजली आणि आत पावसाचं पाणी साचलं ते जाईचना. श्वासमुळं दिवसरात्र पाण्याखाली. सहा तास बुडणं आणि सहा तास उघडं पडणं ह्या हिशोबाने बनलेलं झाड, ते कायम बुडालं तर गुदमरणारच. पानं पिवळी झाली, गळली, पुढच्या पावसाळ्यापर्यंत नुसते राखाडी सांगाडे उभे होते. मग लोक म्हणायला लागले की इथे कुठे काय आहे, वाळलेली झाडं तर आहेत.

उलटही होतं, पाणी आतच येऊ दिलं नाही तर चिखल सुकून भेगाळतो आणि मीठ वर येतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, झाडं मोजू नका, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते बघा. आमच्या इथे तक्रारींनंतर भरणी थोडी उकरली गेली आणि पाणी परत खेळायला लागलं, तर तिसऱ्या वर्षी कोणी न लावता तिवराची रोपं आली, गुडघ्याएवढी आहेत आता.

म्हणजे झाडं लावायची नाहीत का? आमच्या कंपनीला वृक्षारोपण करायचंय.

इच्छा चांगलीच आहे, पण आधी दोन गोष्टी. एक, जिथे भरती नीट येते-जाते आणि आसपास मोठी झाडं आहेत तिथे बियाणं आपोआप पोचतं, तिथे माणसाने लावायची गरज नसते. जिथे ते उगवत नाहीये तिथे काहीतरी कारण आहे, ते कारण न काढता रोपं लावली तर ती मरतात. दोन, उघडा चिखल रिकामा आहे असं समजून त्यात रोपं लावू नका. तो चिखल म्हणजे पक्ष्यांचं ताट आहे. शिवडी, भांडुप, ऐरोलीला हिवाळ्यापासून मे पर्यंत जे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते त्या उघड्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खातात, त्यावर तिवर लावलं तर ते उतरणार कुठे. ठाणे खाडीतला ह्यापैकी काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, जवळपास १,७०० हेक्टर, आणि त्यात खारफुटी आणि पाणी-चिखल दोन्ही मोजलेत, कारण दोन्ही लागतात. २०२२ मध्ये तिथे रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला.

कंपनीला खरंच काही करायचं असेल तर नाळांमध्ये अडकलेलं प्लास्टिक काढायला या. श्वासमुळांवर पिशव्या गुंडाळून बसतात आणि रोपं त्याखाली दबतात. फोटो तितके चांगले येत नाहीत पण काम खरं होतं.

२६ जुलैसारखा पूर खारफुटी थांबवू शकते का?

इथे अतिशयोक्ती नको म्हणून नीट सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरती आली, एवढं पाणी कुठलंही झाड पिऊन टाकत नाही. खारफुटी करते ते असं की लाटांचा जोर मोडते, काठ धरून ठेवते, गाळ अडवते, आणि मुख्य म्हणजे भरतीच्या वेळी नदीचं तुंबलेलं पाणी पसरायला जी सखल जागा लागते ती जागा शिल्लक ठेवते. मिठीच्या तोंडाशी ती जागाच भराव टाकून कमी होत गेली होती. खाजण भरलं की पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या वस्तीत जातं. पुढे २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक कांदळवन दिवस ठरवला तो नेमका २६ जुलैच, त्याचा आपल्या पुराशी संबंध नाही, पण मुंबईत ती तारीख ऐकली की माझ्या पोटात गोळा येतोच.

दक्षिण मुंबईत कधी खारफुटी होती का?

सात बेटांच्या मधे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल अशीच तर जमीन होती. वरळीजवळचा बांध, हॉर्नबी वेलार्ड, १७८४ च्या सुमाराला पूर्ण झाला आणि आतल्या मोठ्या भागात समुद्र यायचा बंद झाला. नावांमध्ये अजून खुणा आहेत बघा, उमरखाडी, पायधुणी, इकडे खार. पायधुणीला चिखल ओलांडून आल्यावर पाय धुवायचे असं सांगतात.

नदीकाठच्या गोड्या पाण्याच्या दलदलीत पण असं जंगल असतं का?

असतं, पण मुंबईत त्याचे तुकडेच उरलेत. दहिसर नदी नॅशनल पार्कमधून उतरते तिथे काठाला उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज अशी पाण्याशी जमवून घेणारी झाडं दिसतात, पुराचं पाणी अंगावरून गेलं तरी ती टिकतात. खाली सपाटीला आली की काँक्रीटच्या भिंती. साचलेल्या गोड्या पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळा. पाणकणीस मला खाजणाच्या कडेला दिसलं की मी लगेच शोधते की गोडं पाणी कुठून येतंय, बहुतेक कुठलातरी नाला फुटलेला असतो.

खरं गोड्या पाण्याचं दलदलीचं जंगल बघायचं तर सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जा. रानजायफळाच्या कुळातली झाडं बारमाही झऱ्याच्या पाण्यात उभी आहेत, गावाने देवराई म्हणून जपलेली, आणि तिथेही झाडांनी मुळं गुडघ्यासारखी वर काढलीत, आपल्या झुंबरासारखीच. समुद्राचा संबंध नाही, मिठाचा नाही, पण हवेची अडचण तीच आणि उपायही तोच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या मुळांकडेच बघत बसले होते. जागा अगदी छोटी आहे, अडीच हेक्टरच्या आसपास, तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. पाण्यात उतरू नका, काठावरून बघा.

वास येतो आणि डास होतात, मग घराजवळ खारफुटी कशाला?

सडक्या अंड्यासारखा वास बिनहवेच्या चिखलातल्या जिवाणूंमुळे येतो, थोडा वास असणारच. पण जो असह्य वास येतो तो बहुतेक सांडपाण्याचा असतो. डासांचंही तसंच, पाणी दिवसातून दोनदा हलतं तिथे अळ्या फार टिकत नाहीत, छोटे मासे खातात त्यांना. नाळ बुजली आणि पाणी साचलं की मात्र डास होतात. म्हणजे परत तेच, पाणी खेळतं ठेवा.

आत प्राणी काय काय असतात?

निवट्या बघा आधी, चिखलावर उड्या मारणारा मासा, कल्ल्यांत पाणी धरून बाहेर फिरतो. एक चिमटा मोठा असलेले रंगीत छोटे खेकडे, ते बिळं खणतात आणि त्याने चिखलात हवा जाते. पडलेली पानं ओढून आत नेतात ते दुसऱ्या जातीचे खेकडे, त्यांच्यामुळे पानांचं खत व्हायला मदत होते. चिंबोऱ्या, कोळंबी, बोय, जिताडा ह्यांची पिल्लं ह्याच मुळांमध्ये वाढतात, त्यामुळे कोळीवाड्यातल्या माणसांना खारफुटी का हवी हे शिकवावं लागत नाही. मनोरीचे एक काका मला म्हणाले होते, "पोरी, आमचं तळं हाय ते, समुद्रात नंतर जातांव." आणि हो, कोल्हे आहेत, विक्रोळी आणि नवी मुंबईच्या बाजूला, संध्याकाळी ओरडतात. खायला घालू नका.

मोरसची भाजी मुंबईच्या खाजणातून काढून खाल्ली तर चालेल?

भाजी छान होते, मुळातच खारट असते त्यामुळे मीठ घालायचं नाही. पण मुंबईत तोडू नका. खाडीत कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी आलेलं आहे. उरण-अलिबागकडे ओळखीची कोणी बाजारातून आणत असेल तर जरूर खा.

कुठल्या झाडापासून जपायला हवं?

गेवा. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर भयंकर जळजळ होते, दृष्टीलाही धोका असतो. चुकून लागलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. ओळखायची खूण, गळायच्या आधी पानं लालभडक होतात, हिरव्या रानात एकच लाल झाड दिसलं की लांब राहा. मुलांना आधीच दाखवून ठेवते मी.

तोड किंवा भराव दिसला तर काय करायचं?

तिथे जाऊन भांडू नका, विशेषतः रात्री आणि एकटं तर अजिबात नाही. लांबून फोटो, व्हिडिओ, तारीख-वेळ, लोकेशन. मग वनखात्याची हेल्पलाइन १९२६, आणि कांदळवन कक्ष व तहसीलदार दोघांनाही लेखी तक्रार, लेखीच, कारण फोनवरचं विरून जातं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली, खारफुटीच्या भोवतीचं ५० मीटरचं क्षेत्रही त्यात धरलंय, जमीन खाजगी असली तरी. तक्रारीत "झाडं तोडली" एवढंच न लिहिता "पाण्याचा मार्ग बुजवला" हेही स्पष्ट लिहा, भराव जिथे पडलाय त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो लावा. आमच्या वेळी त्या फोटोनेच काम झालं.

बघायला कुठे आणि कधी जायचं?

ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सगळ्यात सोयीचं, तिथून बोटही जाते. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, एकेकाळी कचऱ्याचं डम्पिंग होतं तिथे, मिठीच्या काठाला लागूनच आहे. बोरिवलीहून गोराईची फेरी घेतली तर स्वस्तात कांदळाची मुळं जवळून दिसतात.

वेळेचा हिशोब तिथीवर ठेवा, कोळी लोक तसाच ठेवतात. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बारा-एकला असते, म्हणजे सकाळी सहा-सातला ओहोटी आणि तीही खोल, ते दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. जुने घट्ट बसणारे बूट घाला, चप्पल चिखल ओढून घेतो. आणि श्वासमुळांवर पाय देऊ नका, ती मोडतात.

फोटो पाठवला तर झाड ओळखून द्याल का?

देईन की, पण लांबून काढलेल्या हिरव्या फोटोवरून काही कळत नाही. चार फोटो लागतात. पान वरून, तेच पान उलटं करून खालून, बुंध्याजवळची मुळं, आणि फूल किंवा फळ असेल तर ते. पानाचं टोक टोकदार आहे का गोल ते दिसू द्या, तिवराच्या दोन जाती त्यावरूनच वेगळ्या करते मी. आणि सोबत लिहा की तिथे शेवटचं पाणी कधी आलं होतं असं वाटतं. खोडावर चिखलाची रेघ असते बघा, तिची उंची आपल्या घोट्यापर्यंत येते का गुडघ्यापर्यंत, एवढं कळलं तरी अर्धी ओळख तिथेच होते.